मोकळं पाणी, बांधलेलं पाणी

दादाच्या डाव्या मांडीत गाठ आहे, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. वहिनीला माहीत होतं, पुतणीला माहीत होतं, त्याच्या ऑफिसातल्या दोघांना माहीत होतं. मी डोंबिवलीत, ते कल्याणला. महिन्यातून दोन रविवार तरी मी त्यांच्याकडे जेवायला असायचे. तरी दोन महिने माझ्यापाशी कुणी विषय काढला नाही. "हेच म्हणाले, तिला इतक्यात सांगू नकोस," वहिनी नंतर मला म्हणाली. "ती लगेच रिपोर्ट आणि डॉक्टर सुरू करेल, आधी मला जरा विचार करू दे, असं म्हणाले."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या एका कंपनीत लागला, तेव्हा मोबाइल नुकते कुठे दिसायला लागले होते. सुरुवातीची बरीच वर्षं तो स्वतः वर चढायचा. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळायचे, पाठीवर केबलचं वेटोळं घ्यायचं आणि निघायचं. पुढे साइट इंजिनियर झाला, तरी माणसांना वर पाठवून आपण खाली उभं राहणं त्याला जमलं नाही. माजिवड्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या कितीतरी गच्च्या त्याच्या पायाखालच्या. कुठल्या सोसायटीत टाकीमागे कबुतरांनी घाण करून ठेवलीय, कुठला वॉचमन किल्ली देताना कुरकुर करतो, सगळं त्याच्या डोक्यात. ती गाठही त्याला कामावरच सापडली. मांडीचा पट्टा एका बाजूने टोचायला लागला.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पीएचडीला माझा विषय होता शरीरातलं पाणी. आपल्या पेशीत बराचसा भाग पाणीच असतं, पण ते सगळं एकसारखं नसतं. काही पाणी प्रथिनांना आणि पेशीच्या पडद्यांना धरून असतं, त्याला हलायला वाव कमी. त्याला आम्ही बांधलेलं पाणी म्हणायचो. उरलेलं ते मोकळं. मांसाच्या तुकड्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या की परत काय येतं त्यावरून आतल्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. कॅन्सरच्या गाठीत मोकळं पाणी सहसा जास्त निघतं. ऑपरेशनमधून काढलेले तुकडे पॅथॉलॉजीतून बर्फात ठेवून आमच्याकडे यायचे, आणि मी पेनाएवढी एक नळी त्यांच्यावर टेकवून दिवसभर आकडे उतरवत बसायचे.

त्या नळीची केबल खराब होती. जरा धक्का लागला की आकडे पळायचे. मी रडकुंडीला आले होते. एका शनिवारी दादा स्वतःच्या कामातली केबल आणि कनेक्टर घेऊन ठाण्याला आला, लॅबच्या फरशीवर मांडी ठोकून बसला आणि दोन तासांत सगळं नीट जोडून गेला. आकडे जागेवर आले. माझी अख्खी पीएचडी त्या केबलवर झाली. "माझ्या केबलीतून कॅन्सर मोजतात," असं तो लोकांना सांगायचा. मी म्हणायचे, अरे, कॅन्सर नाही, पाणी मोजतो. तो म्हणायचा, "तेच ते."

पीएचडी मिळाली त्या आठवड्यात दादाने मला घरी जेवायला बोलावलं. वहिनीने माझ्यासाठी बासुंदी केली होती. पुतणी तेव्हा रांगत होती. जेवताना दादा म्हणाला, "आता मास्तरीणबाई, इतकी वर्षं काय केलंस ते मला कळेल असं सांग." मी त्याला लग्नाच्या हॉलचं उदाहरण दिलं. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं म्हणजे बांधलेलं पाणी, मधे इकडून तिकडे फिरणारी म्हणजे मोकळं. कॅन्सरच्या पेशीत फिरणारी जास्त.

दादा घास हातात धरून ऐकत होता. "मग त्यांना परत खुर्च्यांवर बसवलं तर?"

"तर काय, प्रश्नच मिटला," मी हसत म्हणाले.

हे उत्तर चूक आहे हे मला बोलतानाही माहीत होतं. पेशी बिघडते, तिची आतली घडी विस्कटते, म्हणून पाण्यात फरक दिसतो. पाण्यातला फरक काढून टाकला की पेशी सुधारेल, असं कुणी दाखवलेलं नव्हतं. पण तेवढं समजावायला अजून दहा मिनिटं लागली असती, आणि बासुंदी समोर होती. शिवाय आपल्या विषयावर कुणीतरी घास थांबवून ऐकतंय, याची मला मजा वाटत होती. ती मजा मला घालवायची नव्हती.

त्या दोन महिन्यांनंतर वहिनीने फोन करून मला सांगितलं तेव्हा गाठ चांगली मोठ्या लिंबाएवढी झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी दादाला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सर्जन बाई माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एमआरआय सांगितला. आत जायच्या आधी घड्याळ आणि अंगठी माझ्या हातात देताना दादाने विचारलं, "यात लहरी कुठल्या वापरतात गं?"

"रेडिओच्या. तुझ्या टॉवरच्या लहरींच्या नात्यातल्याच. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन त्यांना उत्तर देतो. गाठीतलं पाणी जरा वेगळं उत्तर देतं, म्हणून गाठ उठून दिसते."

"म्हणजे पाण्यावरूनच. तू जेवताना म्हणालेलीस ते."

सतरा वर्षांपूर्वीचं बोलणं त्याला आठवत होतं. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्याची अंगठी मुठीत धरलेली असताना मला त्याचं बरं वाटलं. हे मी पुढे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

बायोप्सीत मांसातला कॅन्सर निघाला. सर्जन बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "फुप्फुसं स्वच्छ आहेत. पायही वाचेल असं मला वाटतं. आधी पाच आठवडे रेडिएशन, मग ऑपरेशन. फक्त उशीर करू नका." दादा मान हलवत होता. त्याने खिशातल्या डायरीत तारीख लिहून घेतली, दोन प्रश्न विचारले, बाईंचे आभार मानले. वहिनी बाहेर येऊन कॉरिडॉरमध्येच रडली, ती सुटल्यासारखं वाटून.

त्या तारखेला दादा गेला नाही. माझा नंबर त्यांच्याकडे होता म्हणून हॉस्पिटलातून मलाच फोन आला. मी कॉलेज सोडून थेट कल्याणला गेले. दादा हॉलमध्ये पेपर वाचत बसला होता. वहिनी माझ्याकडे न बघताच आत गेली.

"अरे, काय झालं? का नाही गेलास?"

"ज्याने झालं तेच परत अंगावर घेऊ?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की तो टॉवरबद्दल बोलतोय. हॉस्पिटलवाले जे देणार होते त्याला रेडिएशन म्हणतात, आणि सोसायट्यांची माणसं टॉवरच्या नावाने जे ओरडतात त्यालाही रेडिएशनच म्हणतात.

एखाद्या सोसायटीतून तक्रार आली की कंपनी दादालाच पाठवायची. तो मीटर घेऊन घराघरात जायचा, बाल्कनीत, बेडरूममध्ये, लहान मुलाच्या पलंगापाशी धरून दाखवायचा, की बघा, मर्यादेच्या किती खाली आहे. लोकांना पटायचं, कारण त्याला स्वतःला ते पटलेलं होतं. डोंबिवलीतल्या एका बिल्डिंगीत अगदी वरच्या मजल्यावरच्या बाई कॅन्सरने गेल्या, तेव्हा त्यांचे यजमान त्याला जिन्यात म्हणाले होते, "आता घेऊन जा तो मीटर तुमचा." दादाने ते मला तेव्हाच सांगितलं होतं. मला वाटलं, तो विसरला असेल.

"ते बरोबर होते," दादा आता म्हणाला. "मी लोकांच्या डोक्यांवर हे बसवत फिरलो गं. आणि वर समजूत घालत फिरलो."

"दादा, टॉवरने कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्या लहरींत तेवढी ताकदच नसते."

"माझ्या बाबतीत तू नक्की सांगतेस? मी त्या अँटेनांच्या पुढ्यात उभा राहिलोय. खाली राहणाऱ्यांसारखं नाही."

वर्गात एखाद्या मुलाने 'नक्की' म्हटलं की मी त्याला थांबवते. त्या दिवशीही मला तो शब्द तोंडातून काढता आला नाही. मी म्हणाले, "एका माणसाबद्दल कुणीच तसं सांगू शकत नाही, पण…"

"झालं तर," दादा म्हणाला आणि पेपरची घडी केली. माझं पुढचं बोलणं त्याने ऐकलं, पण कानांनी फक्त.

मला न सांगता काढलेल्या दोन महिन्यांत तो कल्याणातल्या एका हॉलमध्ये व्याख्यानाला जाऊन आला होता. व्याख्याते एक निवृत्त गृहस्थ. ते एका यंत्रावर पाण्याचा जार ठेवायचे. त्याने पाण्याची रचना सुधारते, असं पाणी पीत राहिलं आणि मोबाइलच्या लहरींपासून लांब राहिलं की पेशीतलं विस्कटलेलं पाणी पुन्हा बांधलं जातं, असं त्यांचं म्हणणं. दादाने तिथे मोबाइलवर काढलेले पडद्याचे फोटो मला दाखवले. एका फोटोत आलेख होता, साध्या पेशींचा आणि कॅन्सरच्या पेशींचा. तो बरोबर होता. माझ्या प्रबंधातल्या आलेखासारखाच दिसत होता. पुढच्या फोटोत जार होता.

"बघ, तुझंच आहे," दादा म्हणाला.

आठवड्याभराने तो खडवलीला राहायला गेला. नदीपासून थोडं आत, एका शेतकरी कुटुंबाने घरामागे खोली बांधली होती, ती त्याने घेतली. तिथे मोबाइलला रेंज जेमतेम यायची. त्याने स्वतःचा मीटर नेऊन खोलीचा कोपरा न् कोपरा मोजला आणि सगळ्यांत कमी आकडा आला तिथे खाट टाकली. पुतणीचं बारावीचं वर्ष, त्यामुळे वहिनीला हलता येईना. ती शनिवारी डबे घेऊन जायची आणि रविवारी परत यायची. मी तिला म्हणायचे, तू सांग ना त्याला. ती म्हणायची, "मी सांगितलं. ते म्हणतात, यातलं माझ्या बहिणीला कळतं, तुला नाही."

पहिल्यांदा गेले तेव्हा दादा मला खरंच बरा दिसला होता. उन्हाने रापला होता, दाढी वाढवली होती, मूगडाळीची खिचडी करून त्याने मला वाढली. दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर घरमालकीण फाटकाशीच मला म्हणाली, "ताई, तुमचा भाव जेवत नाय नीट. आणि पाय ओढतो." दादा खाटेवर बसला होता. बाजूला त्या सुधारलेल्या पाण्याच्या निळ्या काचेच्या चार बाटल्या ओळीने ठेवलेल्या.

"हात लावून बघ," तो म्हणाला. "मऊ पडलीय."

मी हात लावला. गाठ माझ्या तळव्यात मावली नाही. कातडी ताणून चकचकीत झाली होती.

मी माझा प्रबंध बरोबर नेला होता. ते जाड पुस्तक मी त्याच्या मांडीशेजारी उघडून ठेवलं आणि शिकवायला बसले. मी म्हणाले, "दादा, आम्ही पाणी मोजायचो ते आजार ओळखता यावा म्हणून. थर्मामीटर बर्फात बुडवला तर पारा उतरेल, माणसाचा ताप उतरणार आहे का? हे पाणी म्हणजे तो पारा आहे रे. आणि तू जे पितोस ते पोटात गेलं की साधं पाणीच होतं. त्याची कुठलीही रचना तिथपर्यंत टिकत नाही. एका क्षणाच्या बारीकशा तुकड्यात ती मोडते."

दादाने शांतपणे ऐकलं. पान उलटून आलेख बघितला, खाली लिहिलेलं वाचलं. त्याला समजलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. तो काही वेडा नव्हता. आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस होता.

मग तो म्हणाला, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या जोडणीत चूक कुठे झाली ते तो विचारायचा, तसंच विचारलं. मी आलेखाच्या पानाची दुमड सरळ करायला लागले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आता तू घाबरून बोलतेयस. मला कळतं. पण तेव्हा तू घाबरलेली नव्हतीस, तेव्हाचं खरं." आणि त्याने प्रबंध मिटून माझ्या पिशवीत ठेवला.

तिथून परतल्यावर मी त्या व्याख्यात्यांचा पत्ता काढला. डोंबिवलीतच, माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहत होते. मी भांडायच्या तयारीने गेले. दार त्यांनीच उघडलं. सत्तरी उलटलेली, धुतलेला लेंगा-सदरा, घरात एकटेच. भिंतीवर बायकोचा फोटो, हार घातलेला. मी ओळख सांगितल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला.

"तुम्ही त्यांच्या भगिनी. मी हल्ली प्रत्येक ठिकाणी तुमचा उल्लेख करतो. नाव घेत नाही हं. ठाण्याच्या एका प्राध्यापिकेने हेच सिद्ध केलंय, एवढंच सांगतो."

मी खुर्चीत बसून घेतलं. मी म्हणाले, मी असं काहीही सिद्ध केलेलं नाही. तुम्ही हे सांगणं बंद करा.

"पण कॅन्सरच्या पेशीत पाणी वेगळं असतं, हे खरं ना?"

"हो. तेवढं खरं."

"मग?" ते म्हणाले. त्यांना कळतच नव्हतं मी का आलेय. त्यांची बायको कॅन्सरने गेली होती, सगळे उपचार करून. त्यानंतर ते या नादाला लागले होते. यंत्रावरचं पाणी तेही रोज पीत होते. जार दाखवायला मला स्वयंपाकघरातही घेऊन गेले. मला त्या माणसाचा राग धरून ठेवता येईना.

मी म्हणाले, "निदान माझ्या भावाला फोन करून सांगा, की उपचार घे. तो तुमचं ऐकेल."

"मी कुणालाच उपचार सोडा म्हणालेलो नाही," ते दुखावून म्हणाले, आणि लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. खडवलीच्या त्या खोलीत रेंज क्वचितच मिळायची, म्हणूनच तर दादाने ती घेतली होती. दोन दिवसांनी त्यांचा फोन लागला. दादा त्यांना म्हणाला, बघतो.

तो परत आला तो खोकल्यामुळे. त्याला खाटेवरून उठून फाटकापर्यंत यायला दम लागायला लागला, तेव्हा घरमालकिणीने वहिनीला फोन केला आणि वहिनीने त्याला काही न विचारता गाडी नेऊन घरी आणलं. ठाण्याला पुन्हा स्कॅन झाला. सर्जन बाईंनी फोटो पडद्यावर लावले. फुप्फुसांत पांढरे ठिपके होते, मलाही मोजावेसे वाटले नाहीत. बाई दादाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "आता आपण दुखणं कमी करू. पायाला थोडं रेडिएशन देऊ, त्याने बरं वाटेल."

दादा म्हणाला, "चालेल."

दोन आठवडे मी त्याला रोज कल्याणहून ठाण्याला नेत होते. माजिवड्याला गाडी हमखास अडकायची. मागच्या सीटवर पाय लांब करून तो खिडकीतून वर बघायचा. हा माझा, तो माझा, असं दाखवायचा. त्या बिल्डिंगीवर पावसाळ्यात सात दिवस अडकून पडलेलो, तिथल्या आजी आम्हाला रोज चहा द्यायच्या. एकदा मीच विचारलं, "आता काय वाटतं टॉवरचं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला कारण हवं होतं गं. असंच झालं, हे मला चालेना."

हॉस्पिटलातलं यंत्र त्याला आवडलं. तिथला तंत्रज्ञ त्याच्या प्रश्नांना कंटाळायचा नाही. यंत्राचा हात कसा फिरतो, झोत कसा आखतात, शेजारच्या चांगल्या मांसाला कसं वाचवतात, सगळं दादाने विचारून घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पायातली कळ खरंच कमी झाली. परत येताना तो मला म्हणाला, "या पण लहरीच ना? मग यांच्यात काय वेगळं?"

मी त्याला सगळं सांगितलं. टॉवरच्या लहरी पाण्याच्या कणाला नुसत्या हलवतात, फार तर किंचित तापवतात; या लहरी पेशीच्या आतलं डीएनएचं सूत्रच तोडतात, म्हणून त्या इतक्या जपून मारतात. या वेळी मी काही गाळलं नाही. गाडी कल्याणच्या पुलावर आली तरी मी बोलत होते.

"म्हणजे आडनाव एक, माणसं वेगळी," दादा म्हणाला. मग डोळे मिटून बराच वेळ पडून राहिला. मला वाटलं झोपला. पण तो म्हणाला, "पाच आठवडेच तर होते."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला तो घरीच गेला. वहिनी त्याच्या उशाशी होती, पुतणी पायाशी. मी कॉलेजातून निघाले होते, पोचले तेव्हा शेजारची माणसं चपला काढून आत येत होती.

दिवस झाल्यावर मी एकटी सर्जन बाईंना भेटायला गेले. वेळेवर आला असता तर, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगली शक्यता होती. याच्यापुढे मी काही म्हणणार नाही." मी तेवढ्यावर उठले.

नेमका तोच प्रश्न पुतणीने मला विचारला. बारावी झाल्यावर ती माझ्या घरी कॉलेजचा फॉर्म भरायला आली होती. लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाली, "आत्या, बाबा तेव्हाच गेले असते ट्रीटमेंटला, तर?" बाई जे म्हणाल्या ते मी तिला सांगितलं. मग बासुंदीच्या जेवणाचं सांगितलं, मी काय म्हणाले होते, का म्हणाले होते. एमआरआयच्या दारातलंही सांगितलं, त्याला माझं बोलणं आठवतंय म्हणून मला बरं वाटलं होतं, तेही. ती ऐकत राहिली. रडली नाही.

"आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग तू सांग. मी नाही सांगणार."

त्याच रविवारी मी कल्याणला गेले. वहिनी हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं बोलले. ती पानं खुडत होती, थांबली नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं. खडवलीला हे मला दर शनिवारी तेच सांगायचे. बहीण म्हणालेली, खुर्च्यांवर बसवलं की प्रश्न मिटला. मी वाट बघत होते, तू कधी बोलतेस."

"मग तू मला विचारलं का नाहीस?"

"तुझा भाऊ जात होता गं. तेव्हा विचारून काय करणार होते?"

मी तिच्याबरोबर उरलेली जुडी निवडली. तिने मला जेवायला थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी थांबले. आम्ही दोघींनी मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली, टीव्ही लावून, म्हणजे बोलावं लागू नये म्हणून.

आता मी महिन्यातून एकदा जाते. वहिनी पूर्वीसारखं बोलते, निदान पूर्वीसारखं बोलायचं ठरवून बोलते. त्या गृहस्थांनी माझा उल्लेख थांबवला की नाही, मला माहीत नाही. एकदा त्यांच्या व्याख्यानाची पाटी दिसली म्हणून आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले, पण तो आलेख पडद्यावर आला तसं मला उठावं लागलं. नंतर मी त्यांना एक लांबलचक पत्र लिहून पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही.

पुतणी पुण्याला हॉस्टेलवर आहे. तिचे फोन येतात, कमी येतात. वरणाच्या फोडणीत मोहरी आधी की हिंग आधी, ताप आला तर कुठली गोळी, असलं विचारते. तिने जेवढं विचारलंय तेवढं मी सांगते, आणि एखादी गोष्ट मला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. बाबांचा विषय ती माझ्याशी काढत नाही. मीही काढत नाही. फोन ठेवताना ती अजून "ठेवते हं आत्या" म्हणते.